बंद शाळेत बेघर निवारा केंद्र येतंय. विरोधाच्या पत्रावर सही करू का?

सायली_द | रविवार, सकाळी ९:१०

आमच्या गल्लीच्या टोकाला पालिकेची एक मराठी शाळा आहे. पट कमी झाला म्हणून चार वर्षांपूर्वी ती दुसऱ्या शाळेत विलीन केली, तेव्हापासून इमारत बंद आहे. काचा फुटल्यात, मैदानात गाजरगवत माजलंय. गेल्या आठवड्यात कळलं की तिथे बेघरांसाठी निवारा केंद्र होणार आहे, साठ जणांची सोय असलेलं. दुसऱ्याच दिवशी आमच्या आणि शेजारच्या तीन सोसायट्यांच्या वतीने आयुक्तांना द्यायचं पत्र तयार झालं: निवासी भागात असं केंद्र नको, दुसरीकडे हलवावं. सह्या गोळा करत एक काका आमच्याकडे आले. मी त्यांच्याकडून दोन दिवस मागून घेतले.

माझी अडचण अशी आहे. पत्रातल्या सगळ्याच गोष्टी मला खोट्या वाटत नाहीत. माझी मुलगी नववीत आहे, संध्याकाळी साडेआठला क्लासहून त्याच रस्त्याने येते. पण मी रोज पहाटे साडेपाचला दूध आणायला जाते, तेव्हा बाजारपेठेतल्या बंद दुकानांच्या फळ्यांवर माणसं झोपलेली दिसतात. परवा मोजली तर अकरा होती. त्यात एक म्हातारी आहे, डेअरीच्या पायरीवर बसलेली असते, डोक्यावर पदर, जवळ दोन पिशव्या. गेली दोन वर्षं मी तिला बघतेय आणि तिचं नाव मला माहीत नाही.

या केंद्रात नेमकं कोण येतं, नियम काय असतात, कुठे चांगलं चाललंय आणि कुठे बिघडलंय? ज्यांना प्रत्यक्ष माहिती आहे त्यांनी लिहावं. सही करायची की नाही ते मी त्यानंतर ठरवीन.

माळकरी | रविवार, सकाळी १०:०२

सायलीताई, मी स्पष्ट लिहितो. मी असतो तर सही केली असती. आमच्या भागात भाजी मंडईच्या शेडखाली रात्री लोक झोपतात. दारू, भांडणं, एकदा तर चाकूहल्ला झाला. माझ्या भावाचं दुकान समोरच आहे. गरिबाबद्दल राग नाही, मी स्वतः वारीत रस्त्याच्या कडेला झोपलेला माणूस आहे. पण शाळेची इमारत, आजूबाजूला मुलंबाळं, तिथे साठ अनोळखी पुरुष आणून ठेवायचे तर त्यांच्यावर लक्ष कोण ठेवणार? पालिका फीत कापून मोकळी होते, पुढे निस्तरायचं रहिवाशांनी. एमआयडीसीच्या बाजूला मोकळ्या जागा आहेत, तिथे बांधावं की.

पायपीट | रविवार, दुपारी १:३५

मी सात वर्षं एका पालिकेत समुदाय संघटक म्हणून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात काम केलं. निवारा केंद्राचं काम त्यातलंच. शहराचं नाव लिहीत नाही, पण पाहिलंय ते सगळं लिहितो. लांबेल.

आधी हे केंद्र कुठून आलं ते. डिसेंबर २००९मध्ये दिल्लीत पूसा रोडच्या चौकातला तंबूचा रात्रनिवारा पालिकेने ऐन थंडीत पाडला. माणसं दगावल्याच्या बातम्या आल्या, आणि अन्नाच्या हक्काची जी याचिका सर्वोच्च न्यायालयात आधीपासून चालू होती तिच्यात हा विषय गेला. २०१०मध्ये न्यायालयाने मोठ्या शहरांना सांगितलं की दर एक लाख वस्तीमागे किमान एक निवारा हवा, चोवीस तास आणि बाराही महिने चालणारा. पुढे २०१३मध्ये केंद्र सरकारने याच अभियानात निवाऱ्यांची योजना आणली, तिच्यात दर लाखामागे शंभर जणांची सोय आणि माणशी पन्नास चौरस फूट जागा असं माप ठरलं. तेव्हा तुमच्या आयुक्तांनी ही काही मेहेरबानी केलेली नाही. हे त्यांनी करायचंच होतं, बहुतेक शहरांनी ते फार उशिरा आणि फार कमी केलं.

आता माळकरींच्या एमआयडीसीबद्दल. त्याच योजनेत लिहिलंय की निवारा लोक जिथे राहतात आणि काम करतात तिथे जवळ असावा: स्टेशन, एसटी स्टँड, मंडई, मजूर अड्डा. आमच्या शहरात नेमकं उलट झालं. रहिवाशांनी विरोध केला म्हणून पहिलं केंद्र शहराबाहेर, शेवटच्या सिटीबसच्या थांब्यापासून दीड किलोमीटर आत काढलं. चाळीस खाटा, नव्या गाद्या, भिंतींवर रंगीत चित्रं. पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त भरलेल्या रात्री माणसं होती नऊ. आम्ही गाडी घेऊन लोकांना आणायला जायचो. ते यायचे, झोपायचे, सकाळी सहाला विचारायचे की मंडईत हमालीला पोचायचं कसं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानाच्या फळीवर. वर अहवाल गेला: "बेघर व्यक्ती निवाऱ्यात येण्यास इच्छुक नाहीत." तो अहवाल मीच टंकला होता. आजही त्याचं वाईट वाटतं, कारण त्या वाक्याने पुढची तीन वर्षं दुसरं केंद्र अडलं.

दुसरं केंद्र मंडईपासून चालत सात मिनिटांवर झालं, तेही बंद शाळेतच. दोन महिन्यांत भरलं.

कोण येतं म्हणाल तर, रात्रीच्या सर्वेक्षणाला निघण्याआधी मलाही वाटायचं की भिकारी आणि व्यसनी लोक भेटतील. तेही भेटले. पण वहीत सगळ्यात जास्त नोंदी निघाल्या त्या कामगारांच्या: लग्नाच्या हॉलमधले वाढपी, मंडईतले हमाल, भंगार वेचणारे, बिगारी, गॅरेजमधली पोरं, रसवंतीवाला. दिवसभर तुम्ही ज्यांच्याकडून काम करून घेता तीच माणसं रात्री फळीवर असतात. मग म्हातारी माणसं, घरातून काढलेली किंवा स्वतःहून निघालेली. थोडे मनोरुग्ण. आणि बायका मोजणीत नेहमी कमी येतात, कारण त्या लपून झोपतात, देवळाच्या मागे, इस्पितळाच्या आवारात नातेवाईक असल्यासारख्या. त्यांना शोधायचं तर सर्वेक्षणात बाई कार्यकर्ती हवीच.

लक्ष कोण ठेवतं हा माळकरींचा प्रश्न अगदी रास्त आहे. ज्या केंद्रात तीन पाळ्यांत काळजीवाहक होते तिथे सात वर्षांत पोलीस बोलवायची वेळ फार क्वचित आली. जिथे रात्रीला एकच माणूस आणि त्याचाही पगार चार-चार महिने थकलेला, तिथे बिघडलं. पत्रात लिहायचं असेल तर ते लिहा.

रानजाई | रविवार, दुपारी ३:१०

पायपीट, प्रवेशाला आधार कार्ड मागतात का? आमच्याकडे एका आजोबांना "कार्ड आणा मग बघू" म्हणून परत पाठवलं होतं.

पायपीट | रविवार, दुपारी ३:४८

मागायला नको. ज्याचं घर नाही त्याच्याकडे कागद कुठे राहणार? पावसात भिजतात, पिशवीसकट चोरीला जातात, नाहीतर अतिक्रमणाची गाडी सामान उचलते त्यात जातात. उलट कागद काढून देणं हेच केंद्राचं काम आहे. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाने ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र दिलं तर आधारसाठी तो पत्ता चालतो. मतदार यादीचं तर फारच कमी लोकांना माहीत आहे: बेघर माणसाने अर्ज क्रमांक ६मध्ये आपण झोपतो ती जागा लिहायची, मतदान केंद्रस्तरीय अधिकारी एकाहून जास्त रात्री तिथे जाऊन बघतो की माणूस खरंच तिथे झोपतो का. दुसरा पुरावा लागत नाही. आमच्या केंद्रातले चौदा जण असे मतदार झाले. एका भंगारवाल्या मामांनी ते कार्ड प्लॅस्टिकमध्ये घालून गळ्यात बांधलं होतं.

कागद झाले की संजय गांधी निराधार योजनेचे महिना १५०० रुपये, रेशन, सरकारी दवाखान्यातल्या योजना, सगळी दारं उघडतात. तेवढ्यात घरभाडं भागत नाही हे खरंच. पण त्या पंधराशेसाठी एका आजींचा मुलगा त्यांना घ्यायला आला, हेही पाहिलं, आणि आम्ही त्यांना त्याच्याबरोबर पाठवलं नाही, हेही सांगतो.

वळकटी | रविवार, रात्री ११:२०

मी इथे फक्त वाचत असतो. आज लिहितो.

मी चौदा महिने रस्त्यावर झोपलो आहे. वय तेव्हा तेवीस. वाढपीचं काम, एका मोठ्या शहरात. हंगामात रोज साडेचारशे मिळायचे, कधी पाचशे. उपाशी नव्हतो. खोली घ्यायला पैसे नव्हते असंही नाही, भाडं जमलं असतं. डिपॉझिट जमत नव्हतं. पंधरा हजार डिपॉझिट, एक महिन्याचं आगाऊ भाडं, एजंटचं एक भाडं, आणि ओळख देणारा माणूस. रोज शंभर बाजूला टाकायचो आणि आषाढ लागला, लग्नं थांबली की तेच खायला काढायचो. दोनदा आठ हजारांपर्यंत गेलो आणि दोनदा शून्यावर आलो.

शहरात निवारा होता. एकदाच गेलो. दार दहाला बंद. आमचं काम हॉलवरची भांडी उरकून रात्री एक-दीडला सुटायचं. काळजीवाहक भला माणूस होता, म्हणाला नियम वरून आहे. मी परत पुलाखाली.

झोप कशी असते ते सांगतो, म्हणजे नियम करणाऱ्यांना कळेल. चप्पल उशाखाली, पैसे पोटाशी, मोबाइल बंद करून मोज्यात. दोनला झोपायचं, साडेचारला झाडूवाले येतात, उठायचं. मग बागेचं दार उघडलं की बाकावर दोन तास. आंघोळ सार्वजनिक संडासात पैसे देऊन. पोलिसाने काठीने टोचलं तर उठून चालायला लागायचं, भांडायचं नाही. सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला? सामान ठेवायला जागा नाही याचा. काळी पँट आणि पांढरा शर्ट स्वच्छ नसेल तर काम मिळत नाही, आणि तो ठेवायचा कुठे? एका पानवाल्याने वर्षभर माझी पिशवी ठेवून घेतली. तो नसता तर मी काय झालो असतो मला माहीत नाही.

बाहेर कसा पडलो, तर आमच्या आचाऱ्याने डिपॉझिटमधले दहा हजार भरले आणि महिना हजार कापून घेतले. आता लग्न झालंय, दोन खोल्या आहेत. सायलीताई, तुमच्या पालिकेला विचारा: दार रात्री दोनला उघडणार का, आणि कुलूप लावता येईल अशी पेटी देणार का. गादीपेक्षा पेटी महत्त्वाची.

सायली_द | सोमवार, सकाळी ६:४०

वळकटी, रात्री वाचलं आणि पहाटे दूध आणायला निघाले तेव्हा त्या फळ्यांकडे बघताना प्रत्येकाच्या उशाखाली चप्पल दिसली. आधी कधी दिसली नव्हती. लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

सातरस्ता | सोमवार, सकाळी ११:१५

मुंबईतून लिहितोय. इथलं चित्र वेगळं आहे आणि ते चर्चेत यायला हवं, कारण इथे रस्त्यावर एकटे पुरुष आहेत तशी अख्खी कुटुंबं आहेत. भायखळा, आग्रीपाडा, माहीम, कुठेही बघा. काहींची तिसरी पिढी फूटपाथवर जन्मलेली. त्यांच्यात बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि सोलापूरकडून आलेली माणसं आहेत, पारधी कुटुंबं आहेत. पोराच्या जन्माच्या दाखल्यावर पत्ता काय लिहायचा, हाच पहिला प्रश्न.

२०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर मोजले गेले, २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत. ज्यांनी कधी मुंबईचे फूटपाथ रात्री पाहिलेत ते हा आकडा कमीच म्हणतील. तोच धरला आणि लाखाला एक हा हिशोब लावला, तर सव्वा कोटीच्या शहरात सव्वाशे निवारे हवेत. त्याच्या जवळपासही आपण नाही. आणि आहेत त्यांत कुटुंबाने एकत्र राहावं असे फारच थोडे. नवरा पुरुषांच्या केंद्रात, बायको महिलांच्या, पोरगं बारा वर्षांचं झालं की तेही वेगळं. कोण जाईल? फूटपाथवर निदान चूल एक असते.

जुनी गोष्टही सांगायला हवी. १९८१च्या पावसाळ्यात अंतुले मुख्यमंत्री असताना फूटपाथवरच्या झोपड्या उठवून माणसांना गावी पाठवायचं ठरलं. त्यावर खटला झाला, ओल्गा टेलिस नावाने ओळखला जातो. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, माणूस फूटपाथवर राहतो कारण त्याचं काम तिथे जवळ आहे. हे वाक्य आपण अभिमानाने उद्धृत करतो. पण त्याच निकालाने फूटपाथ मोकळे करायला पालिकेला मुभाही दिली, फक्त आधी नोटीस द्या आणि पावसाळा सरू द्या, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा, एवढंच. हक्क मिळाला, घर नाही मिळालं.

घर मिळालं ते वेगळ्या वाटेने. त्याच वर्षी स्पार्क या संस्थेने भायखळ्याच्या आसपासच्या फूटपाथवरची माणसं घरोघर, म्हणजे झोपडीझोपडी जाऊन मोजली. हजारो कुटुंबं निघाली. त्यातल्या बायकांनी महिला मिलन उभं केलं, रोज रुपया-दोन रुपये बचत केली, जमिनी कुठे मोकळ्या आहेत ते स्वतः फिरून पाहिलं, कापडाचा आणि पुठ्ठ्याचा नमुना करून घर केवढं हवं ते मापलं. कित्येक वर्षांनी त्यांच्यातल्या काही कुटुंबांना मानखुर्दला मिलन नगरमध्ये पक्की घरं मिळाली. फूटपाथवरचा माणूस पुनर्वसनाला पात्रच नाही असं सरकार तोवर म्हणत आलं होतं. मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की मोजणी त्यांनी स्वतः केली. मोजलेल्या माणसाला "नाहीच" म्हणता येत नाही.

उत्तरवारा | सोमवार, संध्याकाळी ७:३०

हेलसिंकीत अकरा वर्षं राहतेय, महापालिकेच्या घरांच्या कंपनीत हिशोबाचं काम करते. इथली गोष्ट सारखी उदाहरण म्हणून दिली जाते, म्हणून आतून दिसतं तसं लिहिते.

फिनलंडमध्ये १९८७ साली सुमारे अठरा हजार बेघर होते. तेव्हा हेलसिंकीतही मोठमोठे रात्रनिवारे होते, १९८५मध्ये सगळ्या मिळून दोन हजारांहून जास्त खाटा. २००८पासून सरकार आणि मोठ्या महापालिकांनी मिळून उलटा क्रम धरला. आधी दारू सोड, मग काम शोध, मग घर, असा पूर्वीचा क्रम होता. त्यांनी घर पहिलं दिलं, स्वतःच्या नावाचा भाडेकरार आणि स्वतःची किल्ली, आणि मदत करणारा समाजसेवक त्याच इमारतीत ठेवला. रात्रनिवारेच फ्लॅटमध्ये बदलले. आल्पिकातू रस्त्यावरचा साल्व्हेशन आर्मीचा अडीचशे खाटांचा निवारा होता, तिथे ऐंशी छोटे फ्लॅट झाले. २०१६पर्यंत शहरातल्या निवाऱ्याच्या खाटा पन्नासेक उरल्या. २०२३ला देशभरात बेघर होते ३,४२९, आणि इथे नातेवाइकाकडे तात्पुरता राहणाराही बेघर धरतात. त्यातले बहुसंख्य तसेच आहेत, रस्त्यावर झोपणारे अगदी थोडे.

पण दोन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही. एक, हे घडलं कारण शहराकडे स्वतःची जमीन आणि स्वतःची भाड्याची घरं आधीपासून होती. दोन, ते टिकवावं लागतं. घरभाड्याची मदत कापली गेली आणि २०२४मध्ये आकडा बऱ्याच वर्षांनी वाढला, ३,८०६ झाला.

आमच्या कंपनीत माझ्या टेबलाशेजारी घरसल्लागार बसते. कोणाचं भाडं थकलं की यादी तिच्याकडे आधी जाते. ती फोन करते, घरी जाते, हप्ते बांधून देते, मदतीचा अर्ज भरून घेते. नोटीस त्यानंतर. तिच्यामुळे किती घरं वाचली याचा फलक कुठेच लागत नाही. मला मात्र शहराचं सगळ्यात चांगलं काम तेच वाटतं.

माळकरी | सोमवार, रात्री ८:०५

उत्तरवारा, माहिती चांगली आहे. पण अख्खा फिनलंड ५६ लाखांचा. त्याहून जास्त माणसं आमच्या पुणे परिसरातच असतील. सगळ्यांना फ्लॅट देणं आपल्या पालिकेला जन्मात जमणार नाही. वळकटी यांचं वाचून मी काल रात्री बराच वेळ जागा होतो, हे मान्य करतो. आपल्याला परवडेल असं काय ते बोला.

पायपीट | सोमवार, रात्री ९:२२

माळकरी, परवडेल असं: वळकटींचे दहा हजार. डिपॉझिटसाठी बिनव्याजी उचल, महिना हजाराने फेड. निवाऱ्यात सहा महिने नीट राहिलेला, कामावर जाणारा माणूस असेल तर त्याची जामीन बचत गट किंवा केंद्र चालवणारी संस्था घेऊ शकते. आम्ही एका संस्थेच्या देणगीतून अकरा जणांना अशी उचल दिली होती. नऊ जणांनी पूर्ण फेडली, एक गावी गेला, एक वारला. एका माणसाच्या उचलीएवढ्या पैशात एका खाटेचा वर्षाचा खर्चही भागत नाही.

आणि एक काळजीही लिहून ठेवतो. ज्या अभियानाच्या पैशावर हे निवारे उभे राहिले त्याची मुदत सप्टेंबर २०२४अखेर संपली. केंद्र सरकारची कोणतीही योजना अशीच बदलत जाणार. म्हणून पालिकेच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात निवाऱ्याचं स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं, आहे का हे विचारायलाच हवं. नसेल तर दोन वर्षांनी तुमची शाळा पुन्हा बंद, आणि काळजीवाहक कर्जात.

मळ्यातली_वाट | मंगळवार, सकाळी ७:५५

नाशिकहून. आमच्याकडच्या बेघरांना गावी घर आहे, हे ऐकून विचित्र वाटेल. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची आदिवासी कुटुंबं भात कापून झाला की द्राक्षाच्या कामाला खाली येतात. छाटणी, डिपिंग, विरळणी, मग काढणी. मळेवाल्याने शेड दिली तर ठीक, नाहीतर नाक्यावर कामाची वाट बघायची आणि रात्री पुलाखाली किंवा मोकळ्या प्लॉटवर, लेकराबाळांसकट. पावसाच्या तोंडाला परत. जनगणनेच्या एका रात्रीत कोण कुठे सापडेल ते दैवाच्या हाती.

यांना वर्षभराचा निवारा नको. पाच-सहा महिने नाक्याजवळ छप्पर, पाणी, संडास आणि चुलीला जागा हवी. आम्ही बागाईतदार लोक त्यांच्या कष्टावर निर्यात करतो, तेव्हा यातला खर्च आम्हीही उचलायला हवा असं माझं मत. घरात हे बोलले तर वडील गप्प बसले, नाही म्हणाले नाहीत.

जुनी_ओपीडी | मंगळवार, दुपारी १२:३०

मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते, निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. बेघर होऊ न देणं हा जो भाग आहे, त्याबद्दल लिहिते, कारण मी माणसं बेघर होताना पाहिली आहेत, आमच्याच दारात.

पाय मोडलेला मजूर, रॉड घालून पंधरा दिवसांनी डिस्चार्ज. खोली गेलेली, काम गेलेलं, तीन महिने पाय टेकवायचा नाही. नवा रुग्ण खाटेची वाट बघत खाली जमिनीवर. निवाऱ्याला फोन केला तर म्हणायचे, स्वतःचं स्वतः करू शकत असेल तरच पाठवा. त्यांचंही खरं, तिथे परिचारिका नाही. मग तो माणूस कुबड्या घेऊन रुग्णालयाच्या फाटकाबाहेरच बसायचा. महिन्याभराने जखम चिघळून पुन्हा माझ्याच वॉर्डात. असे किती जण मी दोनदा दाखल करून घेतले याची मोजदाद नाही. बरं होईपर्यंत राहता येईल अशा दहा खाटा जरी तुमच्या शाळेत ठेवल्या आणि आठवड्यातून दोनदा पालिकेच्या दवाखान्यातली नर्स आली, तरी खूप होईल.

दुसरी मुलं. बालगृहातून अठरा पूर्ण झाली की बाहेर. कायद्याने एकवीसपर्यंत अनुरक्षण गृहाची सोय आहे, पण जागा थोड्या आणि सांगणारं कोणी नाही. हातात दाखला आणि कपड्यांची पिशवी घेऊन मुलगा स्टँडवर पहिली रात्र काढतो. ती तारीख महिनोन्महिने आधी सगळ्यांना माहीत असते. तरीही.

तिसरे मनोरुग्ण. २०१७च्या कायद्याने अशा भटकणाऱ्या माणसाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांत सरकारी रुग्णालयात पोचवणं हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्य आहे. त्याची तक्रार करायची नसते, त्याच्यासाठी उपचार मागायचे असतात. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवते, त्या कामाला २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथून घरी गेलेल्या माणसांच्या गोष्टी ऐकल्या की कळतं, यांतल्या कितीतरी जणांना घर होतं, वाट हरवली होती.

आणि डेअरीच्या पायरीवरच्या आजींना नाव विचारा ताई. आधी चार दिवस नुसतं बसा. मग विचारा.

रानजाई | मंगळवार, दुपारी २:४०

भीक प्रतिबंधक कायद्याचं कोणीच लिहिलं नाही. १९५९चा कायदा आपल्याकडे अजून लागू आहे. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि भटकतोय, एवढ्यावरही माणूस त्यात बसतो, पहिल्यांदा सापडला तर एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात. दिल्लीत उच्च न्यायालयाने २०१८मध्ये त्यातली मुख्य कलमं रद्द केली. इथे पालिकेची गाडी रात्री "चला निवाऱ्यात" म्हणत आली तरी लोक पळतात, कारण त्यांना वाटतं ही तीच गाडी. आमच्या आजोबांनीही असंच अंग चोरलं होतं. निवाऱ्याच्या गाडीत पोलीस नकोत, खाकी रंगही नको.

सायली_द | गुरुवार, रात्री १०:१५

तीन दिवस लिहिलं नाही कारण फिरत होते.

मंगळवारी शेजारच्या शहरातलं केंद्र पाहून आले. सोबत पत्र घेऊन आलेले काकाही आले, हे विशेष. तिथेही जुनी शाळा. वर्गांच्या दारांवर अजून "इयत्ता तिसरी ब" असं लिहिलेलं. दुपारची वेळ, बहुतेक जण कामावर. दोन म्हातारे कॅरम खेळत होते, एक बाई मेथी निवडत होती. काका त्यांच्याशी बोलायला बसले. त्यातले एक जण निघाले त्यांच्याच जुन्या कारखान्यातले, काकांपेक्षा चार वर्षं आधी लागलेले. कारखाना बंद पडल्यावर काकांना मुलांनी सांभाळलं, त्यांना कोणी सांभाळलं नाही. परतीच्या बसमध्ये काका काही बोलले नाहीत.

मी सही केलेली नाही. पण पत्र फाडलंही नाही, नवं लिहिलंय, आणि त्यावर काकांची पहिली सही आहे. त्यात आम्ही मागितलंय ते असं. गल्लीतले दोन बंद दिवे केंद्राआधी सुरू करा. तीन पाळ्यांत काळजीवाहक आणि पगार महिन्याच्या महिन्याला. व्यवस्थापन समितीत आमच्या चार सोसायट्यांचे दोन जण, आणि केंद्रात राहणारेही. रात्रपाळी आणि वाढप्यांसाठी दार उघडं. प्रत्येकाला कुलपाची पेटी. शाळेच्या मागच्या दोन खोल्या कुटुंबांसाठी, वेगळ्या दाराने. आजारातून उठणाऱ्यांसाठी खालच्या मजल्यावर सहा खाटा. अंदाजपत्रकात स्वतःचं लेखाशीर्ष. डिपॉझिटच्या उचलीचं कलम घातलं तर दोन सोसायट्या म्हणाल्या की त्याला आम्हीच वर्गणी काढतो, ते पालिकेवर सोडू नका.

सगळ्यांनी सही केलेली नाही. आमच्याच मजल्यावरचे दोघे ठाम विरोधात आहेत आणि त्यांच्याशी बोलणं चालू आहे. मुलीच्या क्लासच्या वाटेची काळजी मलाही संपलेली नाही, म्हणून तर दिव्यांची मागणी पहिली.

आजींचं नाव सांगत नाही, त्यांना विचारल्याशिवाय नको. गाव सांगितलं त्यांनी. तीन दिवस बसल्यावर.

पालिकेने येत्या शनिवारी रात्री सर्वेक्षण ठेवलंय आणि रहिवाशांतून चार जण मागितलेत. मी जातेय, काकाही. पायपीट, काय काळजी घ्यायची?

माळकरी | गुरुवार, रात्री १०:४०

नव्या पत्राचा मजकूर इथे टाकाल का? आमच्या मंडईसाठी वापरतो. भावाला दाखवायचंय.

पायपीट | गुरुवार, रात्री ११:०५

साडेदहाच्या आधी निघू नका, माणसं झोपायच्या जागी आलेली नसतात. दोनपर्यंत पुरतं. टॉर्च जमिनीवर, तोंडावर कधीच नाही. फोटो नाही. प्रश्न चारच: नाव सांगायचं असेल तर नाव, काम काय, इथे किती दिवस, काय झालं तर आत झोपाल. चौथ्याचं उत्तर शब्दशः उतरवून घ्या. नोंद नको म्हणाला तर नुसती संख्या धरा. परत येतो असं कोणालाही सांगू नका, खरंच येणार असाल तरच सांगा.

वळकटी | शुक्रवार, रात्री १:५०

आत्ताच हॉलवरून आलो. झोपलेल्याला हात लावून उठवू नका. पायाकडे, थोडं लांब उभं राहून "दादा" म्हणून हाक मारा. हात लागला की आम्ही पळायलाच उठतो.

आणि एसटी स्टँडच्या मागे पाण्याची टाकी असेल तर तिच्या खाली बघा. तिथे कोणी मोजायला जात नाही.